बंगळूर की हैदराबाद? मार्चअखेर पुणं सोडायचंय, आई सोबत आहे

शाळू | ३ नोव्हेंबर २०२५

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या कंपनीने पुण्याचं ऑफिस बंद करायचं ठरवलंय. ३१ मार्चनंतर इथे कुणीच नसेल. नोकरी टिकवायची तर बंगळूर किंवा हैदराबाद यातलं एक निवडायचं आणि १५ डिसेंबरच्या आत कळवायचं. पगार दोन्हीकडे तोच. बंगळूरचं ऑफिस बेळंदूरला आउटर रिंग रोडवर आहे, हैदराबादचं फायनान्शियल डिस्ट्रिक्टमध्ये, नानकरामगुड्याला. आठवड्यातले चार दिवस जावंच लागेल. नवरा घरून काम करतो, त्याला कुठेही चालतं. मुलगी चौथीत आहे, सीबीएसई.

खरा प्रश्न आईचा आहे. ती ६९ वर्षांची आहे, दमा आहे, इनहेलर रोजचा. वडील गेले त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून ती आमच्याकडे. सोलापूरचं घर तसंच आहे, कुलूप लावून. वर्षातून तीन-चारदा ती हुतात्मा एक्स्प्रेसने एकटी सोलापूरला जाते, घर झाडते, शेजारणींकडे दोन घास जेवते आणि आठवड्याने परत येते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला तर तिला कुणी अडवूच शकत नाही. तिचा जीव तिथे आहे आणि मला तो तोडायचा नाही.

दोन शहरांची तुलना करणारं मी गेल्या महिनाभरात खूप वाचलं. सगळीकडे पगाराची पॅकेजं, मॉल, ट्रॅफिक आणि हवामान. सकाळी मी ऑफिसला, मुलगी शाळेत आणि नवरा खोलीचं दार लावून कॉलवर, अशा वेळी घरात उरलेल्या माणसाचा दिवस त्या शहरात कसा जातो, हे कुणीच लिहीत नाही. तेवढं सांगा. तुम्ही जिथे राहता तिथलंच सांगा, ऐकीव नको.

जकरांदा | ३ नोव्हेंबर २०२५

शाळू, तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. बंगळुरात १४ वर्षं झाली. आधी जयनगर, आता एचएसआर.

हवेची एवढी स्तुती होते ती खोटी नाही. शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या वर आहे, एप्रिलमध्येही संध्याकाळी वारा सुटतो. पुण्याहून आल्यावर पहिल्या मे महिन्यात मी कूलर विकून टाकला होता. पण तुझ्या आईला दमा आहे म्हणून सांगते, थंड हवा म्हणजे दम्याला चांगली हवा असं धरून चालू नकोस. इथे झाडं भरपूर, परागही भरपूर, आणि पावसाळा लांबतो तशा भिंती ओलसर राहतात. माझ्या धाकट्याला पुण्यात कधी नेब्युलायझर लागला नव्हता, इथे दुसऱ्या वर्षी घ्यावा लागला. मग घर बदललं, तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर आणि पूर्वेला खिडक्या असलेलं. तेव्हापासून कपाटात आहे तो.

आता ऑफिस. बेळंदूरला मेट्रो नाही. जांभळी लाईन व्हाइटफील्डपासून चल्लघट्टापर्यंत धावते, पिवळी यंदाच्या ऑगस्टपासून आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र सुरू झाली, पण रिंग रोडवरच्या निळ्या लाईनचे अजून खांब आणि पत्रेच आहेत. त्यामुळे घर ऑफिसपासून तीन किलोमीटरच्या आत घ्यायचं आणि तेही रिंग रोडच्या ऑफिस असलेल्याच बाजूला. सर्जापूर रोडवर चार किलोमीटरला ५० मिनिटं लागलेली मी स्वतः घड्याळ लावून मोजली आहेत.

आईचा दिवस म्हणशील तर, जुन्या बंगळुरासारखं शहर वयस्कर माणसाला मिळणार नाही. जयनगर, बसवनगुडी, मल्लेश्वरम. सकाळी बागेत फेऱ्या, बाकावर बसलेल्या बायका, कोपऱ्यावर दर्शिनीत उभ्याने इडली-कापी, फुलवाली, देऊळ. सगळं पायी. माझी सासू जयनगरात असताना दुपारी जेवायलाच काय ती घरी यायची. एचएसआरलाही बागा चांगल्या आहेत. पण बेळंदूरच्या त्या मोठ्या सोसायट्यांत गेट ओलांडलं की समोर फूटपाथ नसलेला रस्ता आणि टँकर. तिथे ती सोसायटीच्या आवारातच अडकेल. तुझं ऑफिस ज्या बंगळुरात आहे ते आईचं बंगळूर नाही, दोन्हींत तास-दीड तासाचं अंतर आहे. मला हे शहर फार प्रिय आहे, पण हे लपवून तुला बोलावणार नाही.

गोदाकाठ | ४ नोव्हेंबर २०२५

मूळ नांदेडचा, हैदराबादेत २२ वर्षं. आमच्याकडे हैदराबाद हे परगाव मानतच नाहीत. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. आजोबा उस्मानियात शिकले, उर्दूतून. कोर्टाचं काम हैदराबाद, लग्नाचा बस्ता हैदराबाद, मोठा दवाखाना हैदराबाद. आजही नांदेडहून लोक डॉक्टर गाठायला इथेच येतात.

शाळूताई, तुमच्या आईसाठी पहिली गोष्ट, इथे तोंड उघडायला भीती वाटत नाही. रिक्षावाला, भाजीवाला, सोसायटीचा वॉचमन, सगळ्यांना हिंदी येते, आणि ती इथली दख्खनी. पहिल्याच दिवशी बाजारात ‘नक्को’ ऐकलं की आपल्याकडचं माणूस हसतंच. आपलाच ‘नको’ आहे तो.

मराठी वस्ती जुनी आहे. सुलतान बाजार, काचीगुडा, गवळीगुडा या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. १९०७ मध्ये सुरू झालेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था आहे, मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, गणपतीत व्याख्यानं होतात. पण एक स्पष्ट सांगतो, म्हणजे नंतर फसवलं असं वाटणार नाही. हे सगळं तुमच्या ऑफिसपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. नानकरामगुड्याचं हैदराबाद दहा-पंधरा वर्षांत खडकातून उभं राहिलेलं आहे. तिथे तीस-चाळीस मजली इमारती, रुंद रस्ते, आणि दुपारी रस्त्यावर चालणारं माणूस दिसत नाही. जकरांदा यांनी बेळंदूरबद्दल जे लिहिलं तेच इथेही आहे, फक्त रस्ता रुंद आहे.

उन्हाळा कडक. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातोच, पण सोलापूरच्या माणसाला मी ऊन काय समजावणार! हवा कोरडी असते. धुळीचं मात्र जपा. पश्चिमेकडे अजून बांधकामं चालू आहेत आणि इथली जमीन म्हणजे अडीच अब्ज वर्षं जुना ग्रॅनाइट. पाया खणायचा तर सुरुंग लावूनच. कोकापेट, पुप्पालगुड्याकडे घर बघताना शेजारचे प्लॉट मोकळे आहेत का ते आधी बघा. मोकळा प्लॉट म्हणजे पुढची तीन वर्षं दगडाची भुकटी.

मध्यरात्र | ४ नोव्हेंबर २०२५

वरच्या दोन्ही प्रतिसादांना +१. दोन्ही शहरांत राहिले आहे, बंगळूर सहा वर्षं, हैदराबाद तीन. ऑफिसातून रात्री अकराला एकटीने कॅबने घरी येणं दोन्हीकडे केलंय. हैदराबादेत रस्ता मोकळा असल्याने वीस मिनिटांत घरी असायचे, तेवढीच काळजी कमी. बंगळुरात मैत्रिणी जास्त झाल्या. तिथे वाचन, नाटक, ट्रेक यांतून माणसं पटकन भेटतात.

शाळू | ४ नोव्हेंबर २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. भाषेबद्दल सांगायचं राहिलं. आईचं माहेर साखर पेठेतलं. अंगणापलीकडे पद्मशाली विणकरांची घरं, रात्रंदिवस मागांचा खडखडाट. ती लहानपणापासून तेलुगू बोलते, त्यांच्या पोरींबरोबर सागरगोटे खेळत शिकलेली. आणि बाबांची आई अक्कलकोटकडची, तिच्याशी आई शेवटपर्यंत कन्नडच बोलली. सोलापुरात हे काही विशेष नाही, तिन्ही भाषा एका गल्लीत सापडतात. त्यामुळे भाषेवर माझा निर्णय अडलेला नाही. अडलाय तो तिच्या श्वासावर आणि तिच्या सोलापूरच्या फेऱ्यांवर.

वळण | ५ नोव्हेंबर २०२५

फेऱ्यांचं मी सांगतो, दोन्ही रस्ते गाडीने अनेकदा केलेत. माझी सासुरवाडी सोलापूर.

हैदराबाद ते सोलापूर ३१० किलोमीटरच्या आसपास. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी, पटणचेरू. आता नकाशा काढून बघा. हा रस्ता हैदराबादेत शिरतो तोच पश्चिमेकडून. पटणचेरूपाशी आउटर रिंग रोडला लागायचं आणि नानकरामगुड्याला उतरायचं. शहर ओलांडावं लागतच नाही. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघालात तरी रात्री उशिरा साखर पेठेत असाल. उमरग्याच्या पुढे मागे जेवण.

बंगळूर ते सोलापूर याच्या दुप्पट. तुमकुर, चित्रदुर्ग, होसपेट, विजयपूर. रस्ता सुंदर आहे, होसपेटच्या पुढे सूर्यफुलाची शेतं लागली तर डोळे निवतात. पण तो बंगळुरात वायव्येकडून शिरतो आणि बेळंदूर आग्नेयेला. मादावरपासून नाइस रोड पकडला तरी शेवटचा तासभर जातोच, तेही दिवसभर गाडी चालवल्यानंतर.

आई एकटी रेल्वेने जाते म्हणालात. सिकंदराबाद-पुणे शताब्दी सोलापूरवरूनच जाते. बसून जायची गाडी, दुपारी निघालं की दिवेलागणीनंतर सोलापूर. हुतात्माची सवय असलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही. बंगळूरहून उद्यान एक्स्प्रेस आहे, सोलापूर-हासन गाडी आहे, पण दोन्ही रात्रीच्या. रात्रीचा प्रवास, वरचा-खालचा बर्थ, पहाटेचा गारठा, आणि सोबत इनहेलर. माझ्या आईला मी तसं एकटीला पाठवलं नसतं. तुमची आई खमकी असेल, पण हा विचार नक्की करा.

निळा_पिंप | ६ नोव्हेंबर २०२५

पाण्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. व्हाइटफील्डला राहतो. २०२४ चा मार्च आमच्या सोसायटीत कुणी विसरणार नाही. चारही बोअर आटल्या. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास पाणी. लिफ्टमध्ये बादल्यांसह माणसं. आठव्या मजल्यावरच्या आजी हात धुवायला वापरलेलं पाणी पातेल्यात धरून संडासात ओतायच्या, दार उघडं असलं की दिसायचं. टँकरचा भाव रोज वेगळा.

बंगळूरचं कावेरीचं पाणी जवळपास १०० किलोमीटरवरून, चढावर पंप करून येतं. बाहेरच्या वाढलेल्या भागांपर्यंत ते पोहोचलेलंच नव्हतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, तो शहरात मागाहून सामील केलेल्या ११० खेड्यांच्या पट्ट्यासाठी. बेळंदूर त्याच पट्ट्यात. पण पाइपलाइन रस्त्यापर्यंत आली म्हणजे तुमच्या सोसायटीने जोडणी घेतली असं नाही. घर बघायला गेलात की दलालाला विचारू नका, तो ‘कावेरी आहे’च म्हणणार. खाली वॉचमनला विचारा, काल किती टँकर आले. आणि न्हाणीघरातला शॉवर बघा. भोकांवर पांढरी खपली असेल तर ते बोअरचं पाणी.

हैदराबादेत माझी बहीण मणिकोंड्याला आहे. तिथे कृष्णा, गोदावरी, मांजरा इतक्या ठिकाणांहून पाणी येतं, तरी पश्चिमेच्या भागात एप्रिल-मेमध्ये टँकर लागतातच. वॉचमनचा प्रश्न तिथेही विचारा.

भाडेकरू | ६ नोव्हेंबर २०२५

अनामत रकमेची तयारी ठेवा. बंगळुरात पूर्वी सरसकट दहा महिन्यांचं भाडं घ्यायचे. आता पाच-सहावर आलंय, पण घासाघीस केल्याशिवाय नाही. घर सोडताना एक महिन्याचं भाडं रंगकामासाठी कापून घेतात, ते करारात आधीच लिहिलेलं असतं. माझे पहिले घरमालक रंगाचे पैसे कापून वर नळाच्या चार तोट्यांचेही मागत होते. घरात शिरताना काढलेले फोटो होते म्हणून वाचलो. शिरल्या दिवशीच प्रत्येक भिंतीचा, नळाचा, कपाटाच्या बिजागरीचा फोटो काढा आणि मालकाला पाठवून ठेवा. हैदराबादेत दोन महिन्यांची अनामत देऊन घर मिळालं. तेवढीच रक्कम हाती राहिली, त्यात मुलाची शाळेची फी भागली.

पाटीपेन्सिल | ७ नोव्हेंबर २०२५

मी शाळेत शिकवते, हैदराबादेत. आधी पाच वर्षं बंगळुरात शिकवलं.

मुलगी पाचवीत जाईल म्हणजे भाषेचा विचार आताच करा. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने तेलुगू आणि कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने कन्नड, सीबीएसईच्या शाळांतही शिकावी लागते. बाहेरून आलेल्या मुलांना शाळा कुठून सुरुवात करू देते, सोपं पुस्तक देते का, हे प्रवेशाआधी तोंडी नाही तर लेखी विचारून घ्या. शाळाशाळांत फरक आहे. आणि प्रवेशाचे अर्ज डिसेंबरपासून सुरू होतात, मार्चची वाट बघू नका.

मुलांचं म्हणाल तर ती शिकतात. दोन्ही लिप्या बहिणी आहेत. अक्षराच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखं जे असतं त्याला तेलुगूत तलकट्टु म्हणतात, कन्नडमध्ये तलेकट्टु. मराठी मुलं सुरुवातीला ते सरळ रेघेसारखं ओढतात, आपल्या शिरोरेषेची सवय. महिन्याभरात हात वळतो. माझ्या वर्गात गेल्या वर्षी लातूरचा एक मुलगा होता, दिवाळीपर्यंत तो रिक्षाच्या मागचं वाचून दाखवायला लागला. आणि शाळूताई, तुमच्या घरात तर तेलुगू आणि कन्नड दोन्ही बोलणारी आजी आहे! शिकवणी कशाला हवी.

जकरांदा | ७ नोव्हेंबर २०२५

वळण यांचा प्रतिसाद वाचून मला गप्प बसावं लागेल असं दिसतंय. :) पण एक लिहितेच. झाडांचा प्रश्न साधा नाही. दम्याच्या माणसाला सावली लागते, संध्याकाळी बसायला जागा लागते. हैदराबादच्या त्या नव्या भागात मी महिनाभर राहिले आहे, काचेच्या इमारतींवरून ऊन परत अंगावर येतं.

गोदाकाठ | ७ नोव्हेंबर २०२५

जकरांदाताई, तुमचं दुःख माझंही आहे. आमच्या पश्चिमेकडच्या हैदराबाद विद्यापीठाला लागून कांचा गच्चीबोवलीची ४०० एकर हिरवी जमीन आहे. एप्रिलमध्ये तिथे बुलडोझर चालले तेव्हा रात्री मोरांचे आवाज आमच्या गच्चीपर्यंत येत होते. सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवलं म्हणून उरलेलं उरलं. पण म्हणूनच सांगतो, शाळूताईंनी फायनान्शियल डिस्ट्रिक्टमध्ये घर घेऊच नये. विद्यापीठाच्या पलीकडे नल्लगंडल्याला बघावं. विद्यापीठाची झाडं एका अंगाला, लिंगमपल्ली स्टेशन जवळ, तिथून एमएमटीएस लोकलने नामपल्ली गाठता येते. ऑफिस आठ-दहा किलोमीटर पडेल, पण बाजार पायी आहे. काचेच्या इमारतीत राहून ऑफिस पाच मिनिटांवर घेण्यापेक्षा आईला पाच मिनिटांवर बाजार द्या.

आणि ताई, दोन्हीकडे चार-चार दिवस राहून या. आईला घेऊन. हॉटेलात नको, कुणाच्या तरी घरी किंवा भाड्याच्या फ्लॅटमध्ये, म्हणजे सकाळचं दूध आणायला ती बाहेर पडेल.

शाळू | ८ नोव्हेंबर २०२५

हे करतेच. रजा टाकली आहे. परत येऊन लिहिते.

शाळू | ४ डिसेंबर २०२५

दोन्हीकडे जाऊन आलो. आई, मी आणि मुलगी. जसं झालं तसं लिहिते.

बंगळुरात १५ ते १८ नोव्हेंबर, एचएसआरला फ्लॅट घेऊन राहिलो. योगायोगाने कार्तिकातला शेवटचा सोमवार त्यातच आला आणि बसवनगुडीला कडलेकाई परिषे होती, शेंगांची जत्रा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग, कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या. आई एका बाईपुढे बसली, मूठभर शेंगा उचलल्या, एक फोडून दाणा दाताखाली धरला आणि विचारलं, ‘सेरु एष्टु?’ ती बाई कोलारकडची होती. मग कन्नड सुरू झालं ते पंधरा मिनिटं. आजी गेल्यापासून आईच्या तोंडून कन्नड मी ऐकलंच नव्हतं. परतताना कॅबमध्ये ती गप्प होती. ‘तुझ्या आजीचा आवाज कानात आला,’ एवढंच म्हणाली. जकरांदा, तुझं शहर तिला फार आवडलं. मलाही.

पण बसवनगुडीहून एचएसआरला यायला सव्वा तास लागला. दुसऱ्या दिवशी बेळंदूरच्या तीन सोसायट्या बघितल्या. वॉचमनला टँकरचं विचारलं. एकाने सांगितलं बारा, एकाने सांगितलं मोजत नाही. तिसऱ्या ठिकाणी कावेरीची जोडणी होती आणि भाडं आमच्या आवाक्याबाहेर. आई प्रत्येक ठिकाणी गेटबाहेर जाऊन उभी राहायची आणि परत यायची. तिसऱ्या वेळी मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, ‘देवळात जायला रस्ता कुठून ओलांडायचा ते बघतेय.’ ओलांडायला जागाच नव्हती.

हैदराबादला २७ ते ३० नोव्हेंबर. पहिले दोन दिवस ऑफिसजवळ, कोकापेटच्या बाजूला. गोदाकाठ, तुम्ही सांगितलं होतं तरी मला ते समजलं नव्हतं. दुपारी तीनला शिट्टी वाजली आणि जमिनीतून दणका आला, खिडकीच्या काचा थरथरल्या. पाच मिनिटांनी गॅलरीच्या कठड्यावर बोट फिरवलं तर पांढरं पीठ. त्या रात्री आईला दोनदा पंप घ्यावा लागला, मी तिच्या पाठीवर हात ठेवून पहाटेपर्यंत बसले होते. तेव्हा मी मनात हैदराबाद रद्द केलं होतं.

सकाळी सामान उचलून नल्लगंडल्याला गेलो. तिथे दोन दिवस. आईला मी काही सांगितलं नाही, पिशवी दिली आणि दूध आणायला पाठवलं. ती पाऊण तासाने आली. दूध होतं, चुक्याची जुडी होती, आणि तिला माहीत झालं होतं की भाजीवालीचा मुलगा सोलापुरात जुन्या मिलच्या मागे कुणा नातेवाइकाकडे राहतो. संध्याकाळी ती खाली बाकावर बसली, तिथे एक तेलुगू आजी, एक बिदरच्या, एक उदगीरच्या. त्या रात्री शांत झोपली.

पुण्याच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, चार दिवसांवरून कुठल्याही शहराची हवा ठरत नाही. घर कोरडं हवं, धुरळ्याच्या रस्त्यापासून आत हवं, आणि रात्री दोनलाही पंधरा मिनिटांत दवाखाना हवा. नल्लगंडल्याहून दवाखाना मी गाडीने मोजून आले, नऊ मिनिटं.

आम्ही हैदराबाद कळवलं, काल. घर नल्लगंडल्यातच, दुसरा मजला, शेजारी बांधून पूर्ण झालेल्या इमारती. मला रोज अर्धा-पाऊण तास जायला लागेल, चालेल. मुलीच्या शाळेने तेलुगूचं सोपं पुस्तक देऊ असं लेखी दिलंय. पाटीपेन्सिल, तुमच्यामुळे विचारायचं सुचलं.

जानेवारीचा गड्डा झाला की सामान हलवायला सुरुवात. आईची एकच अट आहे. तिला ज्वारीचं पीठ विकतचं पिशवीतलं नको. सोलापूरहून शाळू नेणार, पण दळून कुठे मिळेल? त्या भागात गिरणी दिसली नाही.

जकरांदा | ४ डिसेंबर २०२५

वाचताना डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या कार्तिकात आईला घेऊन परिषेला ये, माझ्याकडे उतरायचं. शेंगा मी भाजून ठेवते.

वळण | ४ डिसेंबर २०२५

शताब्दी बेगमपेटलाही थांबते. सिकंदराबादपर्यंत जायची गरज नाही. गड्ड्याच्या दिवसांतलं तिकीट मात्र साठ दिवस आधी काढून ठेवा.

गोदाकाठ | ५ डिसेंबर २०२५

अभिनंदन ताई. गिरणी आहे, तुम्ही पाटी मराठीत शोधली असेल. लिंगमपल्लीच्या जुन्या बाजाराच्या आतल्या गल्लीत जा आणि कुणालाही ‘पिंडी गिर्नी’ विचारा. तेलंगणात गिरणीला गिर्नीच म्हणतात. ज्वारीला जोन्नलु. इथे संध्याकाळी रस्त्याच्या कडेला चूल मांडून ज्वारीच्या भाकरी थापून विकतात, त्यामुळे ज्वारी दळणं कुणाला नवं नाही. आईंना सांगा, गव्हाच्या दळणावर घालू नका म्हणून आधी बजावायचं, आणि पहिलं किलोभर बाजूला काढायचं.

शाळू | ५ डिसेंबर २०२५

वाचून दाखवलं. म्हणाली, ‘ते मला माहितीय, त्याला सांग डबा घरचा नेणार.’